न्यूग्रेंज मॉडेल: झरोका बसला, घुमट अर्ध्यावर

मागच्या नोंदीत जमीन आणि भिंतींचे दगड झाले होते. आता झरोका बसलाय, उजेडाची चाचणी झालीय, घुमट मात्र अर्ध्यावरच आहे. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो: न्यूग्रेंज म्हणजे आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या काठचं, इ.स.पू. 3200 च्या सुमाराचं नवाश्मयुगीन थडगं. 21 डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, उगवत्या सूर्याचं ऊन दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात पोचतं. तेच मॉडेलमध्ये करून बघतोय. स्टोनहेंजचे मोठाले दगड उभे राहायच्या कितीतरी शतकं आधीचं. मॉडेल 1:20 मापाचं आहे. वरचं टेकाड 85 मीटर व्यासाचं, म्हणजे या मापात सव्वाचार मीटर. तेवढं हॉलमध्ये मांडलं तर घरचे मलाच त्यात पुरतील. म्हणून फक्त 19 मीटरची दगडी वाट (95 सेंमी) आणि तिच्या टोकाचं दालन करतोय.

या वाटेची खरी गंमत तिच्या चढात आहे. दारापासून दालनापर्यंत जमीन साधारण 2 मीटर वर जाते, माझ्याकडे 10 सेंमी. त्यामुळे दालनाची जमीन दरवाज्यावरच्या झरोक्याच्या पातळीला येते. नकाशात हे डोळ्यांखालून जातं आणि आपण विसरतो. प्लायच्या पट्टीखाली पाचर ठोकताना ते नीट कळतं.

आता दिवा. सूर्यबिंब आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं. 5 मीटर अंतरावर तेवढंच दिसायचं तर दिव्याचं तोंड 4.6 सेंमी हवं. टॉर्चवर काळा कार्डशीट लावला, तेवढं गोल भोक पाडलं आणि टॉर्च हॉलच्या पलीकडच्या टोकाला स्टुलावर ठेवला. न्यूग्रेंजला समोरच्या टेकडीआडून सूर्य वर येतो तेव्हा तो जवळपास 1 अंशावर असतो, म्हणून टॉर्च झरोक्यापेक्षा 9 सेंमी उंच. गच्चीत खरं ऊन का नाही वापरलं, असं कुणीतरी विचारणारच. एक तर पुण्यात 1 अंशावरचा सूर्य बघायला मधल्या सोसायट्या पाडाव्या लागतील. शिवाय आपल्याकडे डिसेंबरात सूर्य तिथल्या दुप्पट वेगाने वर चढतो. तिथे तो तिरपा, रेंगाळत येतो, म्हणून तर आतला उजेड 17 मिनिटं टिकतो.

आधी झरोका बुजवून फक्त दार उघडं ठेवलं. उजेड चढावर आपटला आणि अर्ध्या वाटेतच संपला. मग दारात कडप्प्याचा तुकडा उभा केला आणि झरोका मोकळा केला. बारीक पट्टा थेट दालनाच्या जमिनीवर! प्रत्यक्षात तो पट्टा 17 सेंमीपर्यंत रुंदावतो, या मापात साडेआठ मिमी. माझा थोडा जास्तच रुंद आला, कारण मूळ वाट किंचित नागमोडी आहे आणि तिथले दगड उजेड दोन्ही बाजूंनी कापतात. ते बाक मी दुसऱ्या फेरीत घालणार आहे.

दार बंद असतानाही उजेड आत जातो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दाराची मूळ शिळा आजही प्रवेशाशेजारी उभी आहे. उत्खनन करणारे मायकल ओकेली यांना झरोक्याच्या फटीत गारेचा ठोकळा सापडला, पुन्हा पुन्हा सरकवल्याच्या खुणांसकट. 21 डिसेंबर 1967 ला आत बसून त्यांनी स्वतः तो उजेड पाहिला. न्यूग्रेंजला ‘वेधशाळा’ म्हणणाऱ्यांशी मी इथे वाद घालतो. दिवस मोजायला दोन खांब पुरतात, त्यासाठी कुणी एवढं डोंगराएवढं काम काढत नाही. आत तीन कोनाडे, त्यांत दगडी परातींसारखी पात्रं, आणि जळालेली हाडं. सूर्य मृतांना भेटायला यावा म्हणून ही सोय, असं माझं मत. जिवंत माणसं आत फार मावतच नाहीत. 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने इथल्या एका पुरुषाच्या हाडातून डीएनए काढला. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण किंवा पालक आणि अपत्य असावेत, असं निघालं. असे संबंध इतिहासात मुख्यतः काही राजघराण्यांत चालायचे, त्यावरून इथेही राजघराणं असल्याची कल्पना पुढे आली. एका माणसावरून घराणं उभं करणं मला घाईचं वाटतं.

घुमटासाठी शहाबादी फरशीच्या कपच्या घेतल्यात. फरशीवाल्याने फुकट दिल्या. प्रत्येक थर थोडा आत काढायचा, मागच्या टोकावर वजन द्यायचं आणि कपची बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची. मूळ घुमट 6 मीटर उंच, चुना नाही की काही नाही, आणि आजही आत कोरडा. वाटेच्या छतावरच्या दगडांना तर पाणी वाहून जायला पन्हळी कोरल्यात, सांध्यांत जळकी माती आणि समुद्राची वाळू भरलीय. पावसाशी झगडलेल्या माणसांचं काम आहे हे, आपल्या कोकणातल्या गवंड्याला लगेच पटेल. माझा घुमट सध्या 16 सेंमीवर आहे, 30 पर्यंत न्यायचाय. फेविकॉल लावणार नाही, वजनावरच उभा राहिला पाहिजे.

पुढचं काम: 5000 वर्षांपूर्वी पृथ्वीचा आस आजच्यापेक्षा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कललेला होता, त्यामुळे सूर्य आणखी दक्षिणेला उगवायचा. माझ्या गणिताने टॉर्च साधारण 11 सेंमी दक्षिणेला सरकवावा लागेल. तेव्हा उजेड अधिक खोल जायचा असं अभ्यासक सांगतात. मागच्या कोनाड्यात तिहेरी चक्राकार कोरीव काम आहे. पट्टा त्याच्या किती जवळ जातो ते बघायचंय. त्याआधी वाटेचे बाक. कुणाकडे वाटेचा जमिनीवरचा आराखडा चांगल्या मापासकट असेल तर पाठवा.