हीटर लावणारं भूत

परवा दुपारी इस्त्रीचा ढीग संपवायचा होता म्हणून बघितलेलंच काहीतरी लावू म्हटलं आणि लावला ट्रूली मॅडली डीपली, अँथनी मिंगेलाचा 1990 चा सिनेमा. इस्त्री किती झाली ते विचारू नका.

नीनाचा जेमी गेलाय आणि ती त्याच्यासाठी इतकी झुरते की एक दिवस तो परतच येतो, भूत होऊन. आणि जेमी झालाय ॲलन रिकमन! इथपर्यंत रुमाल. पण मला खरी मजा येते ती त्याच्यापुढे, कारण या भुताला सारखी थंडी वाजते, हीटर फुल्ल करून ठेवतो, घरातलं सामान हलवतो, आणि वर आपले भूत मित्र घेऊन येतो जे तासन् तास व्हिडिओवर सिनेमे बघत बसतात. ज्याच्यासाठी डोळे सुजेपर्यंत रडली तोच आता डोक्यात जायला लागतो. माणूस गेला की त्याचं घोरणं, ओला टॉवेल पलंगावर टाकणं, सगळं कसं माफ होऊन जातं ना, इथे ते परत आणून समोर बसवलंय.

लहानपणी मला सिनेमातली कविता अजिबात झेपायची नाही. टीव्हीवर हिरोने खिशातून कागद काढला की आम्ही भावंडं खिदळायला सुरुवात, आणि आई उठायची, गॅस बंद केलाय का बघून येते म्हणत. गॅस बंदच असायचा. परत यायची तेव्हा तोंड धुतलेलं, कपाळावरचे केस ओले, आणि पुढचा सीन चालू झालेला असायचा. आम्हीही काही विचारायचो नाही.

बरं, कवितेने रडवायचं म्हटलं की सगळ्यांना फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरलच आठवतो, 1994 चा. त्यातली इंग्रज कवी ऑडेनची कविता ऐकून लोक अजून ढसाढसा रडतात, आणि गंमत म्हणजे तिचं पहिलं रूप 1936 च्या एका नाटकातलं, मेलेल्या पुढाऱ्याची टर उडवणारं.

जेमी मात्र चिलीचा कवी पाब्लो नेरुदा, त्याची कविता म्हणतो. स्पॅनिशमध्ये एकेक ओळ, आणि नीना तिचा अर्थ सांगत जाते, हळूहळू आवाज फुटेनासा होतो तिचा. आता ती कविता आहे मागे राहिलेल्याची, तू नसलीस तरी मी जगेन, मला माफ कर असं सांगणारी. आणि म्हणतोय कोण, तर मेलेला! म्हणजे नीनाने जे म्हणायला हवं पण तिच्या तोंडून निघत नाहीये ते तोच तिच्याकडून वदवून घेतो. मला तर वाटतं ते हीटर, ते मित्र, सगळं त्याने मुद्दामच केलेलं असणार. नेरुदाने स्वतः ही कविता ज्यात आहे तो संग्रह 1952 साली नेपल्समध्ये नाव न घालता छापला होता, कारण कविता होत्या प्रेयसी मातिल्देवर आणि लग्नाची बायको वेगळी. मोठ्या लोकांचीही काय काय लफडी असतात.

राहता राहिला मार्क, नीनाला अचानक भेटणारा नवा माणूस. चांगलाय बिचारा, जादू करतो, एका पायावर लंगडी घालत स्वतःची जन्मकथा सांगतो. पण मला काही तो पटत नाही. प्रेमात पडण्याआधी कोणी मला रस्त्यात लंगडी घालायला लावली असती तर मी रिक्षा करून घरी आले असते, मग घरात भूत असो नाहीतर नसो.