फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? बदलत बसू नका, त्या जागी बल्ब लावा

गाडीतला १० अँपिअरचा लाल फ्यूज उडाला, नवा बसवला, तोही उडाला. आता हात आपोआप २० च्या पिवळ्या फ्यूजकडे जातो. तो बसवू नका. फ्यूज असतो वायर वाचवायला. मोठा फ्यूज टिकेल, पण वायर तापून डॅशबोर्डच्या आत वितळेल आणि शेजारच्या चार वायरीही सोबत घेऊन जाईल. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हत्यार काढण्याआधी फ्यूज नेमका कधी उडतो ते पाहा. चावी बंद असतानाच, बसवल्या बसवल्या उडत असेल, तर दोष बॅटरी ते स्विच (किंवा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच) या टप्प्यात आहे. स्विच लावल्यावर उडत असेल तर स्विचच्या पुढे. रिव्हर्स टाकल्यावरच उडत असेल तर रिव्हर्स लाइटची वायर. खड्ड्यात किंवा डिकी आपटताना उडत असेल, तर सोललेली वायर कुठेतरी अधूनमधून बॉडीला टेकते आहे, म्हणजेच शॉर्ट होते आहे. एवढ्यानेच निम्मी गाडी वगळता येते.

आता बल्ब. हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब घ्या, त्याच्या एका फिलामेंटला दोन वायरी जोडा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी त्या दोन पिनांत लावा. पूर्ण शॉर्ट असला तरी या बल्बमधून साधारण साडेचार अँपिअरच जातात, त्यामुळे वायर जळत नाही. शॉर्ट आहे तोवर बल्ब लख्ख पेटतो, शॉर्ट सुटला की मंद होतो किंवा विझतो. नव्या फ्यूजची पाकिटं संपवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बल्ब भाजण्याइतका तापतो, म्हणून तो सीटवर किंवा प्लास्टिकवर टेकवू नका. फ्यूज ५ अँपिअरचा असेल तर २१ वॉटचा बल्ब वापरा.

मग त्या फ्यूजवरच्या वस्तू एकेक करून सोडवा. आधी त्या सर्किटवरच्या दिव्यांचे बल्ब काढा, कारण मोडलेलं फिलामेंट किंवा वितळलेला होल्डरही शॉर्ट करतो. मग बाहेरून बसवलेल्या गोष्टी: स्टिरिओ, फॉग लॅम्प, जास्तीचा हॉर्न. माझा संशय नेहमी यांच्यावरच पहिला. त्यानंतर कपलर (वायरी जोडणारे प्लग). एखादा कपलर सोडल्यावर बल्ब विझला, तर शॉर्ट त्याच्या पलीकडे. पेटलेलाच राहिला तर अलीकडे. ब्लोअर किंवा मागच्या काचेच्या हीटरसारखा मोठा लोड (जास्त करंट ओढणारी वस्तू) जोडलेला असेल तर बल्ब एरवीही बऱ्यापैकी पेटतो, म्हणून तो आधी सोडवावा.

मल्टिमीटरनेही काम होतं, पण बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. एक प्रोब फ्यूजच्या लोडकडच्या पिनला, दुसरा बॉडीला. इथे एक फसगत होते: २१ वॉटच्या थंड बल्बचा रोधही एक ओहमच्या आतच असतो. सर्किटवरच्या दिव्यांचे बल्ब न काढता मोजलं तर मीटर चांगल्या सर्किटलाही शॉर्ट म्हणेल. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर थांबा. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी, दाराच्या खांबातलं ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातलं रबरी कडं), सीटच्या रुळाखालची वायर, सायलेन्सरजवळून जाणारी हार्नेस (वायरींची जुडी) आणि उंदरांनी कुरतडलेला भाग: बहुतेक शॉर्ट इथेच सापडतात. रबरी नळी मागे सरकवा आणि एकेक वायर हलकेच ताणा. रबरासारखी लांबली तर आतलं तांबं तुटलेलं आहे, वरचं इन्सुलेशन नुसतं दिसायला शाबूत. बल्बकडे लक्ष ठेवून हार्नेस बोटाबोटाने हलवत जा. जिथे तो लुकलुकेल तिथेच सोलून पाहा.

दुरुस्तीआधी निगेटिव्ह तार काढा. काळं किंवा हिरवं पडलेलं तांबं कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. नवी वायर त्याच जाडीची, बारीक तारांची. बिजागरीत वाकणाऱ्या जागेत जोड देऊ नका. १५–२० सेंटिमीटरचा तुकडा घालून दोन्ही जोड न वाकणाऱ्या भागात न्या. वायरी अनेक असतील तर जोड मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि नळी परत चढत नाही. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) जोडण्याआधी वायरीत ओवा (सोल्डर थंड झाल्यावर आठवून उपयोग नाही). सोल्डर चालतं, पण जिथे ते संपतं तिथे वायर ताठ होऊन हादऱ्याने तुटू शकते, म्हणून चांगल्या पक्कडीने केलेला क्रिंप (धातूची नळी दाबून दिलेला जोड) मला जास्त पटतो. नुसती इन्सुलेशन टेप इंजिनजवळ लावू नका. उष्णतेने गोंद पातळ होतो आणि टेप सुटते.

वायर जिथे घासली त्या पत्र्याची कड कानसून गुळगुळीत करा, ग्रोमेट बसवा. ते राहिलं तर नवी वायरही तशीच सोलली जाईल. मग बॅटरी जोडा, फ्यूजच्या जागी बल्ब परत लावा आणि डिकी वीसेक वेळा उघडझाप करा. बल्ब एकदाही लख्ख झाला नाही, तरच १० चा लाल फ्यूज बसवा.