डॅशबोर्डमागचा ओढा

दिवाळीपासून आमच्या गाडीत ओढा वाहायला लागला होता. सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डच्या मागून, डाव्या अंगानं, खळखळ खळखळ आवाज यायचा, अर्धा मिनिट चालायचा आणि गप व्हायचा. चौकात थांबून परत रेस केली की पुन्हा थोडी गुळगुळ. बायको म्हणाली, अहो तुमच्या गाडीत कोणीतरी गुळण्या करायलंय. मी म्हणलं, 2003 चं मॉडेल आहे, बाबांच्या गुडघ्यातून येतो तसा हिच्यातूनबी आवाज येणारच की.

गाडी बाबांचीच, रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून घेतलेली, डिझेल, आणि आता चालवतो मी पण मालक तेच. ते पुढं डाव्या सीटवर बसतात, पिशवी मांडीवर घेतात आणि परभणीच्या बाहेर पडेपर्यंत मला गिअर कधी टाकायचा ते सांगतात.

खरं तर तो आवाज ओळखायला मला एवढा वेळ लागायला नको होता. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं असलं की आधी हवा येते. तोटी फुसफुस करते, खाकरते, दोन थुंक्या टाकते आणि मग धार लागते. तो आवाज रात्री अडीचला आला तरी अख्खी गल्ली उठून घागरी लावते. एवढे तयार कान असलेल्या माणसाला गाडीच्या नळात हवा शिरलीय हे सात महिने कळलं नाही, याला काय म्हणावं.

थंडीत पहिली खूण मिळाली होती. परभणीची थंडी बाहेरच्या लोकांना खोटी वाटते, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात आमचं ऊनच असतं. पण एखाद्या हिवाळ्यात कृषी विद्यापीठातल्या तापमापकाचा पारा चार-पाच अंशांवर येतो आणि पेपरात शेकोटीचा फोटो छापून येतो. वर्षातले तेवढेच दहा-पंधरा दिवस गाडीतलं हीटरचं बटण निळ्यावरून लालवर जातं. जानेवारीत भल्या पहाटे औंढ्याला निघालो होतो नागनाथाच्या दर्शनाला, हीटर लावला आणि पुढची काच आतून धुरकटली. फडक्यानं पुसली तर स्वच्छ व्हायची सोडून तेलकट ओरखडे उठले. गाडीत काकवीसारखा गोडसर वास. आई म्हणाली, कोणी गूळ आणलाय का गं? आणि बाबा म्हणाले, पायाला ओल लागायली रे.

मी म्हणलं बाबा, थंडीत पाय गारच पडतात, मोजे घालत जा.

मार्चमध्ये ते परत म्हणाले. तेव्हा एसी चालू झाला होता म्हणून मी जरा शहाण्यासारखा विचार केला की एसीच्या पाण्याची नळी तुंबली असणार, जुन्या गाडीत धूळ बसून तुंबते आणि पाणी बाहेर पडायच्या ऐवजी पायात येतं. खाली घुसून तार घातली, थोडा चिखल निघाला, काम झालं म्हणून हात धुतले. आता कळतं की तेव्हा मॅटखाली नुसतं बोट घालून बघितलं असतं तरी पुरे होतं. एसीचं पाणी म्हणजे साधं पाणी, ना वास ना रंग, फडक्यानं टिपलं की संपलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते, असलं तर बोटाला बुळबुळीत लागतं, वास गोड आणि रंग हिरवा नाहीतर लाल, टाकलं असेल तसा. पण ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तक्रारीसाठी वाकून बोट कोण घालतंय.

मग मे महिना आला आणि परळीहून अंबाजोगाईला लग्नाला निघालो. घाट तसा काय फार मोठा नाही पण बाहेर 42 अंश, गाडीत सात माणसं आणि आहेराची भांडी, त्यात पुढं उसाचा नसला तरी कडब्याचा ट्रॅक्टर, त्यामुळं दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढायचं. तापमानाचा काटा अर्ध्यावरून सरकत सरकत लालच्या अंगाला गेला. मी कुठंतरी ऐकलं होतं की इंजिन तापलं की एसी बंद करून हीटर फुल्ल लावायचा, म्हणजे इंजिनची गरमी त्या वाटेनं निघून जाते. आणि हे खरंच आहे, कारण हीटर म्हणजे वेगळं काही नसतं, डॅशबोर्डच्या मागं बसवलेला एक पिटुकला रेडिएटर असतो, इंजिनचं तापलेलं पाणी दोन रबरी पाइपातून त्याच्यात येतं-जातं आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा फेकतो. तर मी मे महिन्यात, दुपारी सव्वा बाराला, भरल्या गाडीत हीटर लावला. मागून जे शब्द ऐकू आले ते इथं लिहीत नाही.

पण गंमत अशी झाली की हीटरमधून गार हवा आली. गार म्हणजे 42 अंशाचीच, बाहेरची, पण हीटरच्या मानानं गारच की. मागचे लोक म्हणाले बरं वाटायलंय, चालू राहू दे. मला मात्र घाम फुटला, कारण इंजिन उकळायला आलंय आणि हीटरमध्ये गरम पाणीच पोचत नाही म्हणजे पाणी आहे कुठं?

घाट संपल्यावर एक रसवंती दिसली, तिच्या सावलीला गाडी लावली. इंजिनमधून कढईत तेल तापल्यासारखा चुरचुर आवाज. रसवंतीवाल्यानं न मागता रांजणातलं पाणी बादलीत भरून आणलं आणि मी बॉनेट उघडून झाकणाला हात घालणार तेवढ्यात बाबांनी मनगट धरलं. थांब म्हणाले, तापल्या तव्यावर पाणी मारू नको. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखंच असतं, दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी 100 अंशाला उकळत नाही, चांगलं झाकण असेल तर 120 च्या आसपासपर्यंत दम धरतं. गरम असताना ते फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एका झटक्यात उकळून तोंडावर येतं. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या टोपणाला, तडा जाऊ शकतो तो वेगळाच. तीन ग्लास रस पिऊन होईपर्यंत आम्ही बसलो, पाऊण तास गेला, बैलाच्या गळ्यात असतात तसली घुंगरं त्या चरकाला लावलेली, ती वाजायलीत आणि आमचे वऱ्हाडी अक्षता चुकल्या म्हणून फोनवर फोन. मग झाकणावर ओला गमछा टाकून हळूच सैल केलं. अडीच लिटर पाणी मावलं.

आल्यावर चाचाच्या गॅरेजला नेली. चाचानं पहिला प्रश्न विचारला, "नीचे टपकता क्या?" मी म्हणलं नाही, रात्री खाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडा. चाचा हसला. आपल्याकडं उन्हाळ्यात गळती खाली पडेपर्यंत टिकतच नाही, गरम लोखंडावरच सुकून जाते. म्हणून थेंब नाही शोधायचा, डाग शोधायचा. बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की पाणी उडून जातं आणि मागं पांढरी रेघ सोडून जातं, चहाच्या पातेल्यात असते तशी. चाचा बॅटरी घेऊन ती रेघ हुडकत फिरला: वरचा होज, खालचा होज, त्यांच्या क्लिपा, वॉटर पंपाच्या पोटातलं ते बारीक भोक, आतलं सील गेलं की ज्याच्यातून पाणी पाझरतं. कुठंच रेघ नाही. तेलाच्या झाकणाला आतून दुधाळ साय नाही, धुराड्यातून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिन आणि हेडच्या मधली सीलची पट्टी, शाबूत. एवढं ऐकून मी खर्चाच्या बाबतीत जरा सैल झालो.

मग त्यानं हातपंप काढला. रेडिएटरच्या तोंडाला झाकणासारखा बसतो, वर घड्याळ असतं, हवा मारायची आणि काटा बघत बसायचं. एक किलो हवा भरली आणि आम्ही दोघं त्या काट्याकडं बघत राहिलो, पोराच्या रिझल्टकडं बघावं तसं. दहा मिनिटांत काटा निम्म्यावर. पाणी जातंय, बाहेर दिसत नाही, इंजिनात जात नाही. चाचा काही न बोलता डाव्या दारानं आत गेला, मॅट उचलली, खालचा नमदा मुठीत धरून पिळला. हिरवट पाण्याची धार पडली.

"यहाँ कौन बैठता?" चाचानं विचारलं.

मी काही बोललो नाही. सात महिने बाबांचे पाय त्या पाण्यात होते आणि मी मोजे घाला म्हणत होतो.

हीटर कॉइल, म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा तो पिटुकला रेडिएटर, फुटली होती. हीटर बंद असला तरी आमच्या गाडीत पाणी तिच्यातून फिरतच असतं, फक्त हवेची झडप बंद होते. इंजिन तापलं की दाबानं पाणी तिथून पाझरायचं, रात्री गार झालं की आतलं पाणी आकसायचं आणि रिझर्व्ह बाटलीतून पाणी ओढायच्या ऐवजी त्याच फटीतून हवा ओढून घ्यायचं. ती हवा सगळ्यात उंच जागी, म्हणजे कॉइलमध्येच जाऊन बसायची. सकाळी पंप फिरला की पाणी आणि हवा एकत्र पळायची, तोच आमचा ओढा.

डॅशबोर्ड निम्मा सोडवून चाचानं ती कॉइल बाहेर काढली. एखाद्या जाड वहीएवढी चीज. घमेल्यात उपडी केली तर आतून पिवळा चिखल आला. चाचानं तो चिमटीत घेऊन चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. हळद. मग मला आठवलं, फार वर्षांपूर्वी रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं तेव्हा कोणी तरी सांगितलं म्हणून बाबांनी घरची वसमतची हळद मूठभर टाकली होती. भोक खरंच बुजलं होतं. अख्ख्या हायवेवर हा इलाज माहीत आहे आणि अडीअडचणीला गावापर्यंत पोचवतोही, पण हळदीला भोक कुठलं आणि कॉइलची बारीक नळी कुठली ते काय कळतंय. उरलेल्या नळ्या क्षारांनी आणि गंजानं खाल्ल्या होत्या, आणि त्याचं कारणबी घरातच निघालं.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ना, त्या उन्हाळ्यात आमच्याही बोअरनं मान टाकली. तेव्हापासून बाबांना पाणी वाया गेलेलं बघवत नाही. आरओ मशीनचं सांडपाणी ते बादलीत धरतात, फरशी पुसायला, झाडांना, आणि थोडं गाडीच्या रेडिएटरला. आता मशीननं जे क्षार आपल्या पिण्यातून काढले ते सगळे त्याच पाण्यात असतात. दोन वर्षांपूर्वी चाचानं कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं असं नीट भरून दिलं होतं, आणि बाबा त्याच्यावर दर आठवड्याला ग्लासभर हे पाणी घालून ते पातळ करत होते. मला वाटायचं कूलंट थंड मुलखातल्या लोकांसाठी, पाणी गोठू नये म्हणून, आपल्याकडं काय काम. गोठण्याचा प्रश्न नाहीच इथं, पण ते गंज धरू देत नाही आणि उकळायलाही उशीर लावतं, ही दोन्ही कामं परभणीचीच आहेत.

गॅरेजचं मांजर घमेल्याकडं यायला लागलं तसं चाचानं त्याच्यावर पत्रा झाकला. "मीठा रहता, चाटको मर जाता," म्हणाला. कूलंट असतंच तसं, गोड आणि विषारी.

नवी कॉइल मागवायची तर आठ दिवस, डॅशबोर्ड पूर्ण खोलायची मजुरी वेगळी. चाचा म्हणाला, हीटर कित्ते दिन लगाते तुम? नक्को करो खर्चा, बायपास मारता मैं. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले, कॉइल गायब. बाबांना विचारलं तर म्हणाले, कर काय करायचं ते, मला काय कळतंय त्यातलं. तो टोमणा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. मी रेडिओ बंद केला, काच वर केली. काहीच आवाज नाही, नुसतं डिझेल इंजिनची घरघर. बाबांनी बसायच्या आधी वाकून, गुडघ्यावर हात टेकून, मॅटखाली तळवा घातला आणि बराच वेळ ठेवला.

"कोरडं हाय," म्हणाले. बसले, पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला. जिंतूर रोडला लागल्यावर विचारलं, "आणि जानेवारीत औंढ्याला जाताना मंग?"

आईची जुनी वाकळ डिक्कीत टाकून ठेवलीय.