तुम्ही विचारलंत म्हणून: क्लास न लावता सीईटी

"क्लास न लावता कसं जमलं गं? आमच्या पोराला लिंक तरी पाठव." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या काकींपासून आईच्या भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचं हेच. पर्सेंटाइल सांगणार नाही. इंजिनिअरिंगला लागले, एवढं पुरे.

लिंकचं म्हणाल तर त्यात गुपित नाही. अकरावी-बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर, म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवर, फुकट मिळतात आणि एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाची आपल्या राज्याची परीक्षा, त्याच अभ्यासक्रमावर असते. बारावीचा भाग साधारण ८० टक्के, अकरावीचा २०. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० पुढच्या ९० मिनिटांत, पण तेवढ्यालाच १०० गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत. यूट्यूबवर जेईईचं, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेचं, बघत बसलात तर संध्याकाळ जाते आणि कामाचं चिमूटभर हाती लागतं. एवढं ऐकलं की लोक म्हणतात, "पोरगी जिद्दीची." जिद्द कसली डोंबलाची! फी परवडत नव्हती.

आता जे कुणी विचारत नाही ते. बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा, त्यात उतार दिलेलं वळण, म्हणजे बाहेरची कड उंच केलेला वळणाचा रस्ता. एका व्हिडिओत सर म्हणाले, एन कॉस थीटा बरोबर एमजी. (एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेत रेटतो ते बल, एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन.) दुसऱ्या चॅनेलवर उतारावरचा ठोकळा, तिथं एन बरोबर एमजी कॉस थीटा. उतार तोच, कोन तोच, मग एन दोन कसे? खाली कमेंट टाकली. तिला लाइक आले, उत्तर नाही. तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि पुढचं काही वाचवेना.

शेवटी मैत्रिणीबरोबर राजारामपुरीतल्या तिच्या क्लासला गेले. डाउटच्या टेबलापाशी बाईंनी रोल नंबर विचारला. नाही म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग बाहेर थांब, बाळ." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी वही घेऊन मैत्रीण आत गेली. काचेतून सर फळ्यावर बाण काढताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. वर्गातली दोन पोरं माझ्याकडं बघत होती. मी मोबाइल काढून उगाच स्क्रीन वरखाली करत राहिले. मैत्रीण आली ती शेवटची ओळ लिहून घेऊनच: टॅन थीटा बरोबर व्ही वर्ग भागिले आरजी. ती तर पुस्तकातच होती! तिला काय बोलणार, बिचारी माझ्यासाठीच आत गेली होती.

उत्तर घरी सापडलं, बऱ्याच रात्रींनी. ठोकळा उताराच्या दिशेनं घसरतो, म्हणून उताराला लंब दिशेत बलं एकमेकांना तोलतात. गाडी आडव्या वर्तुळात वळते, तिचं त्वरण आडवं, म्हणून तिथं उभ्या दिशेत तोलतात. त्वरणाचा बाण आधी काढायचा, बास. सरांना दोन मिनिटं लागली असतील.

पहिल्या वर्षाला असताना मी सगळ्यांना ऐकवायचे की स्वतः सोडवलं म्हणून पक्कं बसलं. बसलं खरंच. पण त्या रात्रींत केमिस्ट्रीचे जे धडे राहिले ते राहिलेच, त्याचं काय? आणि क्लासला असते तर हा प्रश्न मला पडला असता का, तेही सांगता येत नाही.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, ती खेड्यातल्या पोरांची राहायची सोय म्हणून. मला वाटतं तिथं आणखी एक सोय आपसूक झाली असणार: अडलं तर शेजारच्या पोराला उठवून विचारता येणं. माझ्या फुकटच्या अभ्यासात सगळं होतं, तेवढंच नव्हतं. तरी "मग क्लास लावूच का?" असं विचारलंत तर हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फीचा आकडा मला माहीत आहे.

काकी, लिंक पाठवते. पोराला रविवारी वही घेऊन पाठवा. फिजिक्स बघेन, ऑरगॅनिक केमिस्ट्री मात्र त्यानं दुसऱ्या कुणाला तरी विचारावी.