लाल विटांच्या रेघेवर रात्रीचे जेवण

बॉस्टनच्या नॉर्थ एंड या जुन्या वस्तीतून ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेल या पायवाटेची लाल विटांची रेघ जाते. दिवसा पर्यटक ती रेघ धरून अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला वीर पॉल रिव्हियर याचे घर आणि १७२३ सालचे ओल्ड नॉर्थ चर्च पाहतात, आणि इटालियन जेवण मात्र इतिहासाशी संबंध नसलेली चैन समजून रात्रीसाठी राखून ठेवतात. ही वाटणी मला पटत नाही. रिव्हियरचे घर साधारण १६८० सालचे. पण पुढे ही वस्ती स्थलांतरितांनी भरून गेली, तेव्हा त्याच घरात भाडेकरू दाटीवाटीने राहत होते आणि तळमजल्यावर निरनिराळ्या वेळी सिगारचा कारखाना, इटालियन बँक आणि फळभाजीचे दुकान होते. १९०८ साली ते संग्रहालय म्हणून खुले झाले, आणि तत्पूर्वीच्या जीर्णोद्धारात हे सारे पुसले गेले. तो काळ शोधायचा, तर शेजारच्या हॅनोव्हर स्ट्रीटवर भुकेल्या पोटी जावे लागते.

आमचा मराठी मित्रमंडळींचा घोळका तेथे जातो, तेव्हा एकाच ठिकाणी ठाण मांडायचे नाही असा अलिखित नियम असतो. थॅचर स्ट्रीटवर १९२६ पासून चालत आलेल्या रेजिनामध्ये पिझ्झा खाऊन आम्ही 'डेली कॅच'कडे वळतो. तेथे म्हाकुळाच्या शाईने काळाभोर झालेला पास्ता ज्या तव्यात शिजतो, त्या तव्यासकट समोर येतो. रत्नागिरीकडची मंडळी लगेच सरसावून बसतात. शाकाहारींची गोष्ट निराळी. आरांचिनी या तळलेल्या भातगोळ्यांच्या पोटात बहुधा खिमा दडलेला असतो आणि अस्सल पार्मेजान चीजसाठी वासराच्या जठरातले विकर वापरतात. हे कळल्यापासून आमची एक मैत्रीण प्रत्येक वाढप्याची सौम्य पण सखोल उलटतपासणी घेते.

हे जेवण इटलीतल्यासारखे नाही, अशी जाणकारांची तक्रार असते. ती खरी आहे, पण मला ती गैरलागू वाटते. सिसिली आणि नेपल्सच्या आसपासच्या खेड्यांतून आलेल्या गरीब कुटुंबांना मायदेशी मांस सणासुदीलाच मिळे. येथे ते स्वस्त होते. चिकन पार्मेजानच्या त्या अवाढव्य ताटात, चीज आणि लाल रस्स्याखाली, ती पोटभर खाण्याची हौसच वाढलेली असते. तिला नाके मुरडण्याचा अधिकार, भाकरीवरून शहरात येऊन गव्हाच्या पोळीवर स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही.

येथील अनेक छोट्या उपाहारगृहांत जेवणानंतरचा गोड पदार्थ मिळतच नाही. त्यामुळे सगळी गर्दी मिठाईच्या दुकानांकडे लोटते आणि आमच्यात फूट पडते. निम्मे जण १९४६ सालच्या 'माइक्स'च्या रांगेत उभे राहतात, कारण दोरीने बांधलेली ती पांढरी पेटी हातात मिरवायची असते. मी १९३० पासूनच्या 'मॉडर्न'च्या बाजूचा आहे. कनोलीच्या तळलेल्या नळीत रिकोटा या मऊ चीजचे सारण मागणी आल्यावरच भरायला हवे, नाहीतर ती चिरोट्यासारखी खुसखुशीत राहत नाही, हे माझे मत 'माइक्स'वाल्यांनी आजवर मानलेले नाही. हेमार्केट स्थानकाकडे परतताना, जेथे पूर्वी या वस्तीला शहरापासून तोडणारा उन्नत महामार्ग होता, त्या बागेच्या कडेने चालत हा वाद सुरू राहतो, आणि 'माइक्स'वाले आपल्या पेटीतली एक कनोली पुरावा म्हणून मला खायला लावतात.