चासीचा गंज आतून येतो

आज लँड रोव्हरच्या चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याचा, मागचा क्रॉस मेंबर (दोन लांब दांड्यांना जोडणारी आडवी दांडी) कापून वेगळा केला. पोटातून तांबूस चुरा आणि वाळून घट्ट झालेला चिखल भसकन खाली आला. बाहेरून त्याच्यावर काळ्या रंगाचे जाड थर होते, हात फिरवला तर गुळगुळीत. म्हणून मी डोळ्यांपेक्षा हातोडीवर भरवसा ठेवते. चांगलं पोलाद खणखणतं, गंजकं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे खडूने रेघ ओढली होती. गंज त्या रेघेच्याही पुढे गेलेला निघाला, तेव्हा पुन्हा कापलं. ग्राइंडरखाली चकचकीत, एकसलग धातू दिसेपर्यंत थांबायचं नाही, मग तुकडा कितीही मोठा निघो.

ही सीरीज थ्री लँड रोव्हर. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हा तिच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवला गेला, आणि ती रीत पुढेही टिकली. चासी मात्र पोलादाचीच: चार पट्ट्या कडांना जोडून केलेली पोकळ चौकोनी दांडी. पोकळ असल्यामुळे कमी वजनात ताकद मिळते, पण चाकांनी उडवलेला चिखल आत शिरला की तिथेच बसतो आणि ओल धरून ठेवतो. वरचं अंग तांबडं पडत नाही, त्यामुळे गाडी धडधाकट दिसते आणि खाली आउटरिगर, म्हणजे मुख्य दांड्यांतून बाजूला निघून वरचं अंग पेलणारे हात, कुजत राहतात.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते जुन्या ठिगळाचं. कधीतरी कुणीतरी गंजावरच नवा पत्रा वेल्ड करून टाकला होता. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकलं, गंज धरला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ठिगळ फुगून वर आलं होतं आणि त्याच्याखाली पापुद्र्यांशिवाय काही उरलं नव्हतं. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. या दांड्यांवर माणसं बसतात.

मूळ पत्रा साधारण दोन मिलिमीटरचा आहे, म्हणून नवाही तेवढाच घेतला. जाड घातला तर जास्त मजबूत होईल असं अनेकांना वाटतं. पण चासी चालताना थोडी लवते, पिळवटते. मधेच ताठर तुकडा आला की सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि तडा तिथेच जातो. तुकड्याचे कोपरे गोल ठेवले तेही याचसाठी.

कापण्याआधी आडवे लोखंडी अँगल टॅक करून, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरते वेल्ड करून, दोन्ही दांड्या जागच्या जागी बांधून ठेवल्या होत्या. नवा तुकडा बसवल्यावर दोन्ही कर्ण मापले, सारखे भरले, मगच वेल्डिंगला हात घातला. एक बोटभर टाका इकडे, पुढचा पलीकडच्या टोकाला, मधे निवू द्यायचं. सलग ओढत गेलं तर उष्णतेने दांडी वाकते, आणि मग स्प्रिंग अडकवायचे हँगर रेषेत येत नाहीत.

इंधनाची टाकी आधीच उतरवली होती, बॅटरी सोडवली होती. पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र अजिबात वापरू नये. आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

वेल्डिंगच्या आचेने आतला रंगही जळतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवली आहेत. रंग वाळला की त्यांतूनच लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारायचं.

अख्खी नवी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) चासीच घाल, असा सल्ला पुष्कळांनी दिला. चासी सगळीकडून कुजलेली असती तर मीही तेच केलं असतं. पण हिच्या मुख्य दांड्या पुढून मधल्या क्रॉस मेंबरपर्यंत खणखणीत वाजतात. हीच चासी राहणार. उद्या उजवा आउटरिगर कापायला घेते.