अगस्त्यासाठी अंधार शोधताना

२० डिसेंबर २०२५, शनिवार. वाळपई.

दुपारचे बारा वाजलेत आणि घोंगडी अजून दांडीवर ओलीच आहे. काल रात्री सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, इतकं दंव पडलं की परतताना ती पिळावी लागली. झोप जेमतेम चार तास झाली, तरी बसून लिहून काढतेय. उद्यावर ठेवलं तर तपशील निसटतात, हे आता कळलंय.

काल गोवा मुक्तिदिनाची सुट्टी आणि नेमकी मार्गशीर्ष अमावास्या. तारे बघायला असा योग सोडायचा नाही हे दिवाळीतच ठरलं होतं.

खरं तर अंधाऱ्या जागेचा शोध सुरू झाला तो गच्चीवरून. लहानपणी वाळपईतल्या याच गच्चीवर गोधडी टाकून आजी आम्हाला बाजलं आणि त्याच्या मागचे तीन चोर दाखवायची. पुढं शाळेत तेच बाजलं सप्तर्षी झालं. आता गच्चीवरून मृग दिसतो, व्याध दिसतो, गुरू-शनी दिसतात, पण आकाशगंगा दिसत नाही. कृत्तिकांत चार तारका मोजता येतात, पाचवी नजर ताणून. रस्त्यावरचे पांढरे एलईडी आल्यापासून हा फरक फारच जाणवतो. पांढऱ्या दिव्यात निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेत निळाच जास्त विखुरतो, म्हणून खालचा दिवा वरचं आभाळही उजळून टाकतो. दिवे हवेतच. रात्री दवाखान्यातून परतताना मलाही ते हवे असतात. पण त्यांच्या डोक्यावर झाकण असावं, उजेड जमिनीवर पडावा आणि रंग थोडा पिवळसर असावा, एवढं मनापासून वाटतं. शेजारच्या काकींनी त्यांचा अंगणातला दिवा मी सांगितल्यावर खाली वळवून घेतला. तेवढ्यानंही गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा सुधारला.

जागा शोधताना आधी मी फक्त अंधारच शोधत होते. केरीला अंजुणे धरणाच्या बाजूला गेलो. आभाळ मोकळं होतं, पण चोर्ल्याच्या रस्त्यानं बेळगावकडं जाणारी वाहनं दर पाच मिनिटांनी डोळ्यांवर उजेड टाकून जात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका हेडलाइटनं ती सगळी कमाई जाते. तिथून उठलो. काणकोणच्या किनाऱ्यावर नणंदेकडं गेले होते तेव्हा तिथंही पाहिलं. पश्चिमेला समुद्रात मासेमारीच्या होड्यांचे दिवे, वर खारट धूसरपणा, आणि दुर्बिणीच्या काचेवर दर थोड्या वेळानं ओलसर थर. समुद्रावरून तारे बघणं ऐकायला छान वाटतं, पण माझं मन तिथं रमलं नाही.

मग नोव्हेंबरात सुर्ल्याला गेलो. सुर्ला घाटमाथ्यावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर. खालची दमट हवा बरीचशी खालीच राहते. भोवती म्हादई अभयारण्य. १९९९ पासून ते अभयारण्य आहे, म्हणूनच तिथं मोठी बांधकामं आणि दिवे नाहीत. जंगल राखलं की अंधारही राखला जातो, हे मला तिथं पहिल्यांदा लख्ख जाणवलं. आकाशगंगेचा पट्टा हंस तारकासमूहापासून शर्मिष्ठेपर्यंत सलग दिसत होता. फक्त बेळगावच्या बाजूला क्षितिजावर एक फिकट झाक होती. थंडी मात्र अशी की ह्यांनी दहा वाजताच गाडीत बसून घेतलं. आणि रात्री एकनंतर तो घाट धुक्यातून उतरणं मला नको वाटतं. वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला जायची ती जागा नव्हे.

सुर्ल्याहून परतताना एक गोष्ट मनात पक्की झाली. लोक म्हणतात तारे बघायचे तर लडाखला जा. हानलेला २०२२ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला प्रदेश, झालं; तिथल्या अंधाराशी आपली बरोबरी नाहीच. पण हानले उत्तरेला इतकं वर आहे की अगस्त्य हा दक्षिणेचा तेजस्वी तारा तिथं क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश वर येतो. आपल्याकडं तो बावीस अंशांपर्यंत चढतो. त्रिशंकू या दक्षिणेकडच्या क्रुसासारख्या तारकासमूहाचा सर्वांत खालचा तारा दिल्लीत उगवतच नाही; आपल्याकडं तो अकरा अंशांवर येतो. वाळपई साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव आपल्याला उत्तरेला असा खाली, झाडांच्या शेंड्यांशी शोधावा लागतो. त्याच्या बदल्यात दक्षिणेचं आभाळ मिळालंय. मग मला अंधार हवा तो मुख्यतः दक्षिणेला. पश्चिमेला फोंडा-पणजीकडचा उजेड असला तरी चालेल, दक्षिण काळी हवी.

नकाशा पसरून बसले तेव्हा उत्तर समोरच होतं. आमच्या सत्तरी तालुक्याच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला मोल्याचं जंगल. म्हणजे मोकळा सडा हवा, ज्याच्या दक्षिणेला वस्ती नाही आणि पश्चिमेला एखादी टेकाडी आडवी आहे. आणि तसा सडा धाकट्या काकांच्या काजूच्या बागायतीला लागून आहे, घरापासून दहाएक किलोमीटरवर. लहानपणी तिथं करवंदं काढायला जायचो. इतके दिवस तो आठवला नाही याचं आश्चर्य वाटतं.

काकांना फोन केला तर म्हणाले, "ये बाय, पण एकटी नको हां. गवे असतात. आणि जावयांना बूट घालायला सांग."

तर काल रात्री आठला पोचलो. ह्यांच्या हातात काठी, माझ्या पिशवीत दहा बाय पन्नासची दुर्बीण, थर्मास, आणि आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद टॉर्चला तीन घड्या करून रबरानं बांधलेला. लाल उजेडात डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. मोबाइल मी गाडीतच ठेवायला लावला, काकांचासुद्धा. बसण्याआधी काकांनी काठीनं भोवतीचं गवत झोडून घेतलं. फुरसं हा विषारी साप दगडाच्या कपारीत असतो म्हणून कडेला कुणी बसायचं नाही, ही त्यांची अट. आम्ही मधोमध उघड्या जांभ्यावर घोंगडी टाकली. दिवसभराचं ऊन दगडात उरलं होतं. पाठीला उबारा आणि चेहऱ्यावर गार हवा, असं बराच वेळ होतं.

पहिली पंधरा मिनिटं आभाळ साधंच वाटलं. मग ते हळूहळू भरत गेलं. उत्तरेला देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, नुसत्या डोळ्यांनी दिसली, अंधूक बोटाएवढी. थेट तिच्याकडं पाहिलं की जाते, जरा बाजूला पाहिलं की येते, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड असा चोरून बघावा लागतो. ह्यांना ती सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझा हात दाबला.

कृत्तिकांत काल सात मोजल्या. तीनदा मोजल्या. मृगाच्या चौकोनात तर मोजणं सोडून दिलं. तलवारीतला तेजोमेघ दुर्बिणीतून राखाडी पंखासारखा दिसत होता.

सव्वानऊच्या सुमारास आग्नेयेच्या डोंगराच्या धारेवर काहीतरी लुकलुकलं. मला आधी वाटलं कुणीतरी बॅटरी घेऊन चाललंय. लाल, मग हिरवट, मग पांढरं. डोंगराला चिकटून होतं आणि जागेवरच थरथरत होतं. दुर्बीण लावली आणि घसा दाटून आला. अगस्त्य. इतक्या खाली असताना हवेच्या जाड थरातून येताना त्याचा उजेड असा फुटतो. अर्ध्या तासात तो वर सरकला, थरथर कमी झाली आणि रंग स्थिर पांढरा झाला. व्याधानंतरचा आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा आणि त्याच्या आसपास दुसरं काहीच नाही, नुसता काळोख. तीनशेदहा प्रकाशवर्षं दूर. गच्चीवरून तो समोरच्या इमारतीमागं असतो. म्हणजे आजवर मी त्याला उगवताना पाहिलंच नव्हतं.

काका मागे बसून विडी ओढत होते. ती त्यांनी तळव्यात झाकून धरली होती, मी न सांगता. म्हणाले, "हा दिसायला लागला की पाऊस संपला, असं आमचे बाबा म्हणायचे." नाचणीच्या राखणीला ते माळ्यावर झोपायचे तेव्हा घड्याळ कुणाकडं नव्हतं. तिकांडं कुठं आलं त्यावरून कोण झोपणार, कोण जागणार हे ठरायचं. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना ते तिकांडं म्हणतात. मी विचारत गेले, ते सांगत गेले. हे सगळं त्यांच्याकडं होतं आणि मी इतकी वर्षं पुस्तकांतून नावं पाठ करत होते. पुढच्या वेळी वही घेऊन जायची आहे, फक्त त्यांच्यासाठी.

साडेदहाला कुठंतरी खाली पाचोळ्यात जड पाय वाजले. काका उठून उभे राहिले, आम्ही गप्प. गवाच असावा. पाच मिनिटांनी आवाज ओढ्याकडं गेला. रातवा पक्षी मात्र पुन्हा लगेच सुरू झाला, टक-टक-टक. कुणाला अशी जागा शोधायची असेल तर एवढं नक्की सांगेन: अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय शिरू नका, मालकाला विचारल्याशिवाय सड्यावर बसू नका, आणि जागा आधी दिवसा जाऊन पायी फिरून घ्या.

दंवानं अकरानंतर दुर्बिणीच्या काचा धरल्या. पदरानं पुसल्या की पुन्हा तेच. तरी एकपर्यंत थांबलो, कारण अगस्त्य तेव्हा सर्वांत वर येतो. हात लांब करून मुठी मोजल्या. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. दोन मुठी आणि वर थोडं. हिशेब जुळला.

मग तशीच दक्षिणेच्या डोंगराची धार मोजली. तीन बोटं, म्हणजे पाच अंश. त्रिशंकूचा खालचा तारा अकरापर्यंत येणार. म्हणजे अख्खा त्रिशंकू धारेच्या वर, आणि डावीकडं मित्र-मित्रक हे दोन तेजस्वी तारे. त्रिशंकू एप्रिलात रात्री साडेअकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. अमावास्या १७ एप्रिलला आहे. उन्हाळ्यात वणव्यांच्या धुरानं आभाळ खालून मळतं, ती एक धास्ती आहे.

काकांना तारीख सांगितली. म्हणाले, "तेव्हा काजूचे दिवस. मी रात्री इथंच असतो, खोपीत. या तुम्ही, पेज करून ठेवतो."